ट्रॅक्टरची चाकोरी आणि उसाची सरी



बी-२७५ हा जुना ट्रॅक्टर आपल्यापैकी काहींच्या वस्तीवर अजून आहे. मूळ विलायती, पण कारभार मुंबईचा. अपोलो बंदरची महिंद्र, लालबागशेजारच्या चिंचपोकळीची व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर या तिघांनी १९६३ साली मिळून कंपनी काढली व कांदिवलीस हा ट्रॅक्टर बनू लागला. ताकद ३५ अश्वशक्ती, गिअर पुढचे ८ नि मागचे २.

याच हार्वेस्टरने १९२४ साली फार्मॉल काढला. त्याआधीचे ट्रॅक्टर मुख्यतः नांगरटीचे नि मळणीचे, उभ्या पिकात शिरले की पीक चिरडायचे. फार्मॉलचे पोट उंच केले, म्हणून तो ओळीतून चालला. बी-२७५ चे पोट तेवढे उंच नाही. त्यामुळे बाळबांधणीपर्यंत ठीक, मोठ्या बांधणीला ऊस आसाला लागतो. तिथे बैलच बरे.

आता मुद्द्याचे. त्या काळच्या या घडणीच्या अनेक ट्रॅक्टरांत मागच्या दोन चाकांमधले अंतर ४८ ते ७६ इंच, चार-चार इंचांनी बदलते. आपला आकडा पुस्तकात पाहावा. अंतर टायरच्या मध्यापासून मध्यापर्यंत धरायचे. सरी तीन फुटी असेल तर दोन ओळी पोटाखाली घेऊन ७२ इंच बसते. चार फुटीला एका ओळीवर ४८, पाच फुटीला ६०. साडेचार फुटीला ५४ लागतात, मिळतात ५२ किंवा ५६; इंचभराची ती चूक चालते. पण साडेतीन फुटीला? एका ओळीला ४२ हवेत, दोन ओळींना ८४. दोन्ही नाहीत!

हे आम्ही एकदा विसरलो. एका सभासदाला साडेतीन फुटी सरी आम्हीच सुचवली. लागण उत्तम आली. खोडव्यात बगला फोडायला ट्रॅक्टर घातला तेव्हा एक चाक सरळ बुडख्यांवरून गेले, नि त्या ओळीला नांग्याच नांग्या पडल्या. सरी एकदा पडली की लागण आणि खोडवा दोन्ही तिच्यावरच निघतात, मागाहून दुरुस्ती नाही.

चाके बदलताना ट्रॅक्टर सपाट जागी घ्यावा, जॅकबरोबर लाकडी ठोकळे द्यावेत. चाकाची थाळी उलटी केली तर डावे चाक उजवीकडे नि उजवे डावीकडे घालावे, नाहीतर टायरची नक्षी उलटी पडून पकड जाते. पुढची चाकेही त्याच मापाला आणावीत. तासभर चालवून बोल्ट पुन्हा आवळावेत.

ब्रेकची दोन पायडले वेगळी असतात ती बांधाशी चटकन वळता यावे म्हणून. उसाची ट्रॉली घेऊन रस्त्यावर निघताना ती खटक्याने जोडलीच पाहिजेत. एकच दाबले गेले तर भरली ट्रॉली आडवी होते.

लागणीआधी रिजर लावण्यापूर्वी टेप घेऊन आपल्या ट्रॅक्टरचे माप घ्यावे, आणि मग सरी किती फुटी ते गट ऑफिसात येऊन सांगावे.