आईच्या लुगड्यांची गोधडी

घरातलं जुनं माणूस जातं. मागे त्याची पेटी राहते. पेटीत काय असतं? चार लुगडी, एखादं धोतर. ती कोणी नेसत नाही. बोहारणीला द्यायला मन होत नाही. मग पेटी माळ्यावर पडून राहते आणि कापडाला कसर लागते.

अशा कापडाची गोधडी होते, हे आपल्याला ठाऊक आहेच. कोल्हापूर-सांगलीकडे तिला वाकळ म्हणतात. बंगालात जुन्या साड्यांची कांथा करतात. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूर भागात सिद्दी बायका कवंदी शिवतात. युक्ती सगळीकडे एकच. धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड एकावर एक घालायचं. थरांमध्ये हवा अडकते, म्हणून ऊब येते.

आम्ही मुलुंडला पाहिलेली गोष्ट सांगतो. मुंबईच्या उपनगरातलं हे ठिकाण. गावाकडची पुष्कळ माणसं कामासाठी तिथे जाऊन राहिली. तिथल्या एका चाळीत एक आजी वारल्या. मागे चार नऊवारी लुगडी राहिली. घरात दोन लेकी आणि एक सून.

थोरली म्हणाली, "आईच्या कापडाला कात्री लावायची नाही."

धाकटी म्हणाली, "मग कसरीला घालायचं का, ताई?"

सून गप्प होती. आजारपणात सासूचं सगळं तिनेच केलं होतं. पण लुगड्यांवर आपला हक्क आहे की नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

तोड निघाली ती हिशेबातून. लुगडं ९ वार लांब. त्याचे ४ सारखे तुकडे केले, तर एकेक तुकडा सव्वादोन वार, म्हणजे ८१ इंच. मोठं माणूस पाय पसरून झोपेल एवढा. पन्हा सव्वा वाराच्या आसपास. असे चार थर घातले की एकाची गोधडी झाली. चार लुगड्यांच्या चार गोधड्या. आणि प्रत्येक गोधडीत चारही लुगड्यांचा एकेक तुकडा! मग थोरली कात्रीला तयार झाली.

चौथी गोधडी कोणाला? सुनेने शेजारणीचं नाव घेतलं. शेजारीण रात्रीची आजींच्या उशाशी बसायची. थोरलीला हे पटायला दोन दिवस लागले.

तरी कुरबुर झालीच. चार थरांतले दोनच दिसतात, वरचा आणि खालचा. हिरवं इरकली लुगडं कोणाच्या गोधडीवर यायचं? शेवटी चिठ्ठ्या टाकल्या. सुनेला आलं. थोरली उठून पाणी प्यायली, बोलली काही नाही.

आता शिवायचं कसं ते पाहू. आधी सगळं कापड धुऊन वाळवा. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून रंग जातो का बघा. रंग जाणारं कापड पुन्हा पुन्हा धुवा, नाहीतर शेजारचा तुकडा डागाळतो. कापड हाताने ताणून पाहा. विरलेलं असेल तर ते आतल्या थरात घाला. वडिलांचं धोतर असलं तर तेही आत शोभतं. अस्तराला नवीन मांजरपाट घेतलं, तर ते आधी पाण्यातून काढा. नवं कापड आटतं, आणि मग सगळी गोधडी आक्रसते.

थर सपाट अंथरा. खोली लहान म्हणून या बायकांनी चाळीच्या गॅलरीत अंथरले. आधी लांब लांब कच्चे टाके घाला, म्हणजे थर सरकत नाहीत. ही पायरी कंटाळवाणी आहे, पण ती गाळली की मधे चुण्या पडतात. मग कडा आत दुमडून कडेपासून धावदोरा सुरू करा. चारी बाजूंनी फिरत फिरत मध्यापर्यंत या. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवा. दोरा हातभरच घ्या, लांब दोरा गुंततो. शेवटी कच्चे टाके काढा.

आजी अंगठा करायच्या. थोरली मात्र रात्रीच्या वर्गात लिहायला शिकली होती. तिने प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात खडूने आईचं नाव लिहिलं आणि त्यावर लाल दोऱ्याने टाके घातले. शेजारणीच्या गोधडीवरही घातले. एका ठिकाणी जोडाक्षर चुकलं. धाकटी म्हणाली, "उसव." ती म्हणाली, "राहू दे."

गोधडी धुताना पिळू नका, ओझ्याने टाके तुटतात. दोन दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवा. पावसाळा संपला की एकदा ऊन दाखवा आणि घडीत कडुलिंबाचा वाळलेला पाला घाला.