परसातील कळपात नव्या तलंगांचा समावेश

शिरूर तालुक्यातील कवठे येमाईसारख्या गावी परसात आठ-दहा कोंबड्या पाळल्या जातात. अंडी कमी झाली की बाजारातून तीन-चार तलंगा आणून त्याच सायंकाळी जुन्या खुराड्यात सोडण्याची घाई होते. ही घाई पुष्कळदा साऱ्या कळपाच्या मुळावर येते.

धडधाकट दिसणाऱ्या पक्ष्याच्या अंगीही मानमोडी असू शकते. संसर्गानंतर लक्षणे दिसण्यास २ ते १५ दिवस लागतात. सबब नवे पक्षी ३० दिवस दूर, वेगळ्या निवाऱ्यात ठेवावेत. त्यांची भांडी निराळी असावीत. दाणापाणी आधी जुन्या कोंबड्यांस, मग नव्यांस द्यावे. हा क्रम उलटल्यास रोग पायांवाटे व हातांवाटे खुराड्यात शिरतो. पिसांखाली उवा, गोचिडी पाहाव्यात. जुन्या कळपास लस टोचलेली नसल्यास पशुवैद्यकीय दवाखान्यातून ती याच काळात टोचून घ्यावी.

पुढचा प्रश्न भांडणाचा. कोंबड्यांत टोचण्याची उतरंड ठरलेली असते. नॉर्वेच्या श्येल्डरूप-एब्बे यांनी ती १९२० च्या सुमारास प्रथम वर्णिली. नवा पक्षी येताच ती विस्कटते. म्हणून आठवडाभर जाळीआडून उभयतांची दृष्टभेट घडवावी व नंतर रात्री, कोंबड्या दांडीवर बसल्यावर, तलंगा शेजारी ठेवाव्यात. एकटीच तलंग कधीही सोडू नये. दाण्याची भांडी दोन ठिकाणी मांडावीत. थोडी टोचाटोची होणारच. तीत पडू नये. मात्र रक्त दिसताच जखमी पक्षी तत्काळ डालग्याखाली वेगळा करावा, कारण रक्ताच्या रंगाकडे इतर कोंबड्याही धावतात.