घरातला मधुमेह आणि शिंप्याची मोजपट्टी

हिंगोली जिल्ह्यातील एका शाळेत विज्ञान दिनाच्या कार्यक्रमासाठी मी गेलो होतो. प्रकाशाचे प्रयोग संपल्यावर नववीतील एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "सर, आमच्या आजीला शुगर होती, बाबांनाही आहे. मग मलाही होणारच का?"

मी पदार्थविज्ञान शिकवतो. मी डॉक्टर नव्हे. पण हा प्रश्न माझ्याही घरातला होता. माझे वडील शेतकरी, अंगाने काठीसारखे. साठीनंतर शेतीची कामे सुटली, तरी अंग सुटले नाही. 'शुगर लठ्ठ माणसाला होते' या समजापायी त्यांचे रक्त तपासावे असे कोणालाच वाटले नाही. पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरेना तेव्हा रोग कळला, आणि अंगठा गमवावा लागला. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर येथे सविस्तर पाहू.

साखर रक्तात का साचते?

भाकरी, पोळी, भात यांतील पिष्टाचे पचनानंतर ग्लुकोज बनते व ते रक्तात येते. ते पेशींत शिरण्यासाठी स्वादुपिंडातून स्रवणारे इन्सुलिन लागते. इन्सुलिन ही पेशीचे दार उघडणारी किल्ली समजा. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात सुरुवातीला किल्ली असते, पण कुलूप गंजलेले असते. पोटात व यकृतात साठलेली चरबी हा गंज वाढवते. मग स्वादुपिंड अधिकाधिक इन्सुलिन बनवते आणि अखेर थकते. रक्तातील वाढलेली साखर डोळे, मूत्रपिंडे, हृदय व नसा यांना इजा करते. पुष्कळदा वर्षानुवर्षे काही जाणवतही नाही.

सारखे वजन, निराळे शरीर

वजन किलोग्रॅममध्ये घ्या व त्याला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागा. येणाऱ्या संख्येस 'बीएमआय' म्हणतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता. पण क्ष-किरणांच्या विशेष यंत्राने मोजले तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी निघाली! हे त्यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. एक किलो कापूस आणि एक किलो लोखंड तराजूला सारखेच. तराजू पदार्थ कोणता ते सांगत नाही. माझ्या वडिलांच्या बाबतीत आम्ही तराजूवरच विसंबलो होतो.

हा फरक जन्मापासूनच दिसतो. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील मातांचा व बाळांचा अभ्यास केला. तेथील बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण आपल्या लहानखुऱ्या बाळांत स्नायू कमी असले तरी त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे मधुमेह टाळण्याचे काम आईच्या सकस आहारापासून सुरू होते.

वारसा किती, सवय किती?

घराण्यातून आपल्याला जनुके मिळतात, तसेच ताट आणि सवयीही मिळतात. जनुके बदलता येत नाहीत, बाकीचे येते. चेन्नईच्या संशोधकांनी २००५ मध्ये एक सोपी गुणपद्धती मांडली. ती प्रौढांसाठी आहे.

वय: ३५ पेक्षा कमी ०, ३५ ते ४९ असल्यास २०, ५० व त्यापुढे ३०.
कंबरेचा घेर: पुरुष ९० सेंमी.पेक्षा कमी, स्त्री ८० पेक्षा कमी ०. पुरुष ९० ते ९९, स्त्री ८० ते ८९ असल्यास १०. त्याहून जास्त २०.
हालचाल: नियमित व्यायाम आणि कष्टाचे काम दोन्ही असल्यास ०, एकच असल्यास २०, दोन्ही नसल्यास ३०.
आईवडील: दोघांनाही मधुमेह नसल्यास ०, एकाला असल्यास १०, दोघांना असल्यास २०.

बेरीज ६० किंवा अधिक आली तर धोका मोठा. रक्त तपासलेच पाहिजे.

मी स्वतःचे गुण काढले. वय ४५: २०. घेर ९२: १०. मोटारसायकलने कॉलेज, व्यायाम शून्य: ३०. वडिलांना मधुमेह: १०. एकूण ७०! उपाशीपोटी तपासणी केली. साखर ११२ निघाली. उपाशीपोटी १०० पेक्षा कमी साखर ठीक, १०० ते १२५ हा इशारा, १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह (पुन्हा तपासून खात्री करतात). मी इशाऱ्याच्या पट्ट्यात होतो.

मग दररोज पाऊण तास भरभर चालू लागलो. चालताना स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही ग्लुकोज ओढून घेतात. चहाचाही हिशेब केला. दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, चमच्यात ५ ग्रॅम. म्हणजे रोज ४० ग्रॅम, महिन्याला १.२ किलो साखर! ती सोडली. ताटात भात कमी, वरण-उसळ व भाजी जास्त केली. वर्षभराने घेर ८८ वर आला व गुण ५० झाले. वय आणि वारसा यांचे ३० तसेच राहिले; माझ्या हातातले ४० मात्र २० वर आले.

एकट्याच्या अनुभवावर विज्ञान विसंबत नाही. चेन्नईतच इशाऱ्याच्या पट्ट्यातील ५३१ जणांवर प्रयोग झाला. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत, नेहमीसारखे राहणाऱ्या गटातील शंभरांपैकी ५५ जणांना मधुमेह झाला. आहार व व्यायाम सुधारलेल्या गटात ३९ जणांना. धोका नाहीसा झाला नाही, पण बराच घटला.

तेव्हा त्या मुलीला माझे उत्तर असे: "होणारच असे नाही. तुझ्यावर धोका अधिक आहे, म्हणून तू इतरांपेक्षा लवकर जागी हो."

घरी करून पाहा

१. शिंप्याची मोजपट्टी घेऊन, श्वास सहज सोडल्यावर, घरातील मोठ्यांच्या कंबरेचा घेर मोजा व त्यांचे गुण काढा.
२. घरात महिन्याला साखर व तेल किती लागते ते लिहा आणि माणशी भाग काढा.
३. ज्यांचे गुण ६० किंवा अधिक, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीसाठी घेऊन जा. औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू देऊ नका.

शिक्षकांनी वर्गात कोणाचेही गुण जाहीर वाचू नयेत. ही वही घरातच राहावी.