परक्या देवघरी वारकऱ्याने कसे बसावे?



बोरिवलीस एका सप्ताहात आमचे कीर्तन झाले. आरती आटोपली, मंडळी पाया पडून निघाली, तेव्हा एक माउली मागे रेंगाळली. म्हणाली, "महाराज, आमच्या चाळीत एक किरिस्ताव शेजारीण आहे. तीस वर्षांचा शेजार. माझ्या बाळंतपणात तिनं केलंय सगळं. ती नाताळच्या मिस्सेला चल म्हणते. माझ्या गळ्यात माळ आहे. जाऊ का नको?"

शंका लहान दिसते, पण लहान नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ह्या बाजूस राहणाऱ्या आपल्या कित्येक वारकऱ्यांस ही अडचण रोज येते. जिन्यात एका दारावर तोरण, समोरच्या दारावर क्रूस. माउलीस आम्ही तेव्हा 'जा' एवढेच सांगितले. पण 'कसे जावे' हे सांगायला रात्र पुरती नव्हती. ते ह्या लेखात सांगतो. आम्ही स्वतः एकदा गेलो आणि तेथे चुकलोही. म्हणून सांगण्याचा थोडा अधिकार आहे.

उपासना म्हणजे काय?

पाठशाळेत आमच्या गुरुजींनी आम्हांस शब्द फोडून पाहण्याची सवय लावली. 'उपासना' हा शब्द फोडा. 'उप' म्हणजे जवळ, 'आसन' म्हणजे बसणे. देवाजवळ बसणे ही उपासना. आता दुसरा कोणी आपल्या देवाजवळ बसला असेल, तर त्याच्या जवळ आपण घटकाभर बसलो म्हणून आपला देव उठून जातो काय? पंढरीचा राणा विटेवर उभा आहे, तो इतका रागीट नाही.

कोणी म्हणेल, मग अनन्यभक्तीचे काय? अनन्यता आणि अनादर हे दोन वेगळे आहेत. पतिव्रता आपल्या घरात एकनिष्ठ असते. म्हणून ती शेजारणीच्या नवऱ्यास पाण्याचा तांब्या देत नाही असे नाही. भगवंतांनी गीतेच्या नवव्या अध्यायात स्पष्टच सांगितले आहे की, श्रद्धेने जे दुसऱ्या दैवतांस भजतात त्यांचे भजनही शेवटी मलाच पोचते, जरी ते विधीला धरून नसले तरी. माउलींनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी जे दान मागितले ते सर्व जिवांसाठी मागितले. त्यात माळकरी तेवढे घ्या अशी अट घातलेली नाही. संतांची ह्या विषयावरची प्रमाणे वाचकांस पाठच आहेत, ती येथे उतरवीत नाही.

आम्ही गेलो ती हकीगत

सन २०२४ च्या कार्तिक वद्यात आळंदीची वारी करून आम्ही परतलो आणि पुढच्या पंधरवड्यात, ८ डिसेंबरच्या रविवारी, उपनगरातल्या एका चर्चमध्ये मराठी मिस्सेला गेलो. आम्ही, दोन टाळकरी, एक मृदंगी आणि दोन माउल्या, असे सहा जण. तेथल्या फादरांस आधी विचारले होते. ते म्हणाले, "या, बसा, मागे बसा, पुढे बसा, घर आपलंच आहे."

निघताना भजनी मंडळातले एक वृद्ध गृहस्थ आडवे आले. म्हणाले, "बुवा, मंडपेश्वर विसरलात काय?" त्यांचे बोलणे खोटे नव्हते. बोरिवलीजवळची मंडपेश्वराची शैव लेणी सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या हाती गेली, फ्रान्सिस्कन साधूंनी तेथे चर्च केले. वर डोंगरावर मठाचे पडके अवशेष आजही दिसतात. पुढे मराठ्यांनी १७३७ साली साष्टी घेतली, १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली. आज त्या लेण्यात शिवाची पूजा चालते आणि जवळच्या वस्तीत मिस्साही चालते. हा इतिहास झाकून ठेवू नये. जो झाकतो त्याचा स्नेह कच्चा.

पण आम्ही त्या गृहस्थांस एक विचारले, "आज त्या बाकावर बसणारी म्हातारी पोर्तुगीज आहे काय?" नाही. ती इथलीच. भातशेती करणारी, मासळी विकणारी, आगरी-कोळ्यांच्या शेजारची. 'ईस्ट इंडियन' हे नाव ह्या मंडळींनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी घेतले. कारण गोव्याहून व मंगळुराहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख निराळी ठेवायची होती. नाव इंग्रजी, पण बोली मराठी. लग्नाआधी वाजतगाजत 'उंबराचे पाणी' आणण्याची चाल त्यांच्यात आहे. उंबर म्हणजे औदुंबर. आणखी काय सांगावे? बांद्र्याच्या डोंगरावरच्या मेरीला आपले कोळी बांधव 'मोत माउली' म्हणतात आणि सप्टेंबरच्या जत्रेत हिंदूही तेथे मेणबत्ती वाहतात. 'माउली' हा शब्द त्यांनाही दुसरा सापडला नाही.

असो. आम्ही दाराशी वहाणा काढल्या. एक आजी हसून म्हणाल्या, "राहू द्या हो पायात, हितं चालतं." आम्ही म्हटले, "आम्हांला नाही चालत." त्याही हसल्या, आम्हीही हसलो. आम्ही मागच्या बाकावर बसलो.

मिस्सेत काय असते?

वारकऱ्यास कीर्तनाची रीत ठाऊक असते, म्हणून त्याच रीतीने सांगतो.

आरंभी सगळे उभे राहून गातात. मग देवापुढे आणि एकमेकांपुढे आपले दोष कबूल करतात, छातीवर हाताने हलके मारून घेतात. नंतर ग्रंथवाचन. रविवारी तीन वाचने असतात, मध्ये एक स्तोत्र गातात. तिसरे वाचन शुभवर्तमानाचे, म्हणजे येशूच्या चरित्राचे. त्या वेळी सर्व उभे राहतात. कोणत्या रविवारी काय वाचायचे हे ठरलेले असते, आणि तीन वर्षांनी फेरा पुरा होतो. जगभर त्या दिवशी तेच वाचन. आपणही एकादशीला ठरलेले अभंग म्हणतो, त्यातलाच प्रकार.

तो नाताळच्या आधीचा 'आगमनकाळ' होता. फादरांचे वस्त्र जांभळे होते. वेदीजवळ हिरव्या पानांच्या चक्रात चार मेणबत्त्या; दर रविवारी एक अधिक लावायची. दुसरा रविवार म्हणून दोन पेटल्या होत्या. त्या दिवसाचे वाचन बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे होते. येणाऱ्या प्रभूसाठी दऱ्या बुजवा, डोंगर उतरवा, रस्ता सरळ करा, असा त्याचा उपदेश. फादरांनी निरूपण केले की दरी म्हणजे मनातली उणीव आणि डोंगर म्हणजे अहंकार. आमच्या शेजारचा टाळकरी हळूच म्हणाला, "महाराज, हे तर पालखीच्या वाटेचंच झालं." खरेच, पालखी यायच्या आधी गावकरी खड्डे बुजवितात, सडे घालतात. ज्याची वाट पाहायची त्याची वाट आधी नीट करायची, हे दोघांनाही कळलेले आहे.

निरूपणानंतर श्रद्धेचा उच्चार, मग सर्वांसाठी प्रार्थना. मग भाकर आणि द्राक्षारस वेदीवर येतात. फादर येशूने शेवटच्या भोजनात उच्चारलेले शब्द उच्चारतात, घंटा वाजते, सारे गुडघ्यांवर येतात. त्यांची श्रद्धा अशी की, त्या क्षणापासून ती भाकर ख्रिस्ताचे शरीर होते; नुसती खूण नव्हे, प्रत्यक्ष. त्यानंतर एकमेकांस शांती देतात. हिंदुस्थानात बहुतेक ठिकाणी ती हात जोडून नमस्काराने देतात. आमच्याकडे वळून अनोळखी माणसांनी हात जोडले, तेव्हा आमच्या डोळ्यांत पाणी आले, हे लपवीत नाही. मग भाकरीचे सेवन, आणि शेवटी आशीर्वाद देऊन पाठवणी. 'मिस्सा' हे नावच त्या पाठवणीच्या लॅटिन शब्दांवरून पडले आहे. देवाजवळ बसलात, आता ऊठा आणि लोकांत जा.

हे सारे मराठीत चालले होते, ह्याचे मोल समजून घ्या. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६२ ते १९६५ भरली. तोवर जगभर मिस्सा बहुतेक लॅटिनमध्येच चाले. समोरच्या बाईस अक्षर कळत नसे. परिषदेने लोकभाषेस वाट दिली. त्याच परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या धर्मांविषयी एक पत्रक काढले. त्या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते आम्ही नाकारीत नाही, असा त्याचा आशय. आमच्या माउलींनी गीतेचा अर्थ मराठीत आणला तो शके १२१२ मध्ये. हे फुशारकीने सांगत नाही. लोकांची भाषा देवाला चालते हे ज्याला त्याला आपापल्या वेळी कळते, एवढेच. आणि तेही पूर्ण खरे नव्हे; कारण थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेज्वित १५७९ साली गोव्यात आला, मराठी शिकला, आणि १६१६ साली त्याचे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे ११ हजार ओव्या, आणि छंद आपल्या ज्ञानोबा-एकनाथांचा! नाथमहाराज १५९९ साली समाधिस्थ झाले. म्हणजे दोघे काही वर्षे एकाच काळात होते.

आमची चूक

आता चुकीची गोष्ट. भाकरीच्या सेवनासाठी रांग लागली. आमचा मृदंगी, विशीतला पोरगा, प्रसाद म्हणून सहज रांगेत उभा राहिला. पुढे गेल्यावर त्याने दोन्ही हात पसरले. फादरांनी त्याच्या गळ्यातली माळ पाहिली, भाकर दिली नाही, डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. पोरगा परत येऊन बसला तो खाली मान घालून.

बाहेर पडल्यावर तो तडकला. "महाराज, आपल्या काल्यात कोणाला परत पाठवतात का? जात विचारतात का? मग मला का नाही?" मंडळात ही गोष्ट गेली आणि वृद्ध गृहस्थांस बळ आले. चार दिवस भजनात ताल चुकू लागला. मृदंगी येईनासा झाला.

चूक फादरांची नव्हती, पोराचीही नव्हती, आमची होती. परक्या घरी नेताना तेथली रीत आधी विचारून मुलांस सांगणे वडीलधाऱ्याचे काम. आम्ही वहाणांचा विचार केला, ह्याचा केला नाही. आम्ही पुन्हा फादरांकडे गेलो. ते म्हणाले, "बुवा, रविवारपासून मलाच चैन नाही. पण तो आमच्यात प्रसाद नाही. बाप्तिस्मा घेतलेला, ह्या श्रद्धेला 'होय' म्हणणारा, मन शुद्ध करून येणारा, त्यानंच घ्यायचं. आमच्यातही पाप कबूल केल्याशिवाय कित्येक जण बसून राहतात."

हे ऐकले आणि गाठ सुटली. मृदंग्याच्या घरी जाऊन आम्ही त्यास विचारले, "बाळा, काला कोणालाही देतो, खरं. पण माळ कोणालाही घालतो का?"

तो गप्प झाला. त्याला स्वतःची माळ आठवली. एकादशी करीन, वारी चुकविणार नाही, मांस-मद्य शिवणार नाही, असे कबूल केल्यावर, ज्ञानेश्वरीवर ठेवून, आम्हीच ती त्याच्या गळ्यात घातली होती. एखादा पाहुणा कीर्तनाला आला आणि 'मलाही माळ द्या' म्हणाला, तर आपण म्हणतो, "थांब, आधी समजून घे." हा अपमान नव्हे, व्रताचा मान आहे. त्यांची ती भाकर दिसायला काल्यासारखी, पण आतून माळेसारखी. आम्ही तिला काला समजलो, म्हणून दुखावलो.

आणखी एक सांगितले, तेही लिहितो. 'आमच्याकडे कोणाला परत पाठवत नाहीत' असे म्हणताना जीभ जरा अडखळली पाहिजे. पंढरीच्या मंदिरात हरिजनांस जाता यावे म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात दहा दिवस प्राण पणाला लावावे लागले. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर पायरीशीच आहे. तेथे तर व्रताचा प्रश्न नव्हता; चोखोबांहून मोठा व्रती कोण? दुसऱ्याच्या दारातली अडसर दिसली की आपल्या दारातली आधी आठवावी.

मृदंगी दुसऱ्या दिवशी भजनास आला.

जाणाऱ्यांसाठी

तेव्हा माउलीस आणि सर्वांस सांगणे इतकेच. आधी विचारून जा. मागे बसा, म्हणजे इतरांकडे पाहून उठता-बसता येते. ते उभे राहतील तेव्हा उभे राहा. गुडघे टेकणे तुमच्या मनावर. शांत बसलात तरी चालते. शांती देतील तेव्हा हात जोडा. भाकरीच्या रांगेत जाऊ नका. बाकावर बसून मनात नाम घ्या, तेथे तुम्हांस कोणी अडविणार नाही. वाद घालायला जाऊ नका आणि आपले सोडून यायलाही जाऊ नका. माळ लपवू नका.

आणि त्यांनाही बोलवा. माघात आमच्या सप्ताहाला फादर आणि त्या आजी आल्या. काल्याचे कीर्तन अखेरपर्यंत ऐकले. दहीहंडी फुटली, सगळ्यांच्या हातावर काला पडू लागला. आजींनी घेतला. त्यांच्यासोबत आलेल्या एका गृहस्थांनी मात्र हात जोडले आणि मान हलविली. दुसऱ्या देवाला दाखविलेला नैवेद्य घ्यायचा नाही, असा त्यांचा नेम. आमच्यातल्या एकाचा चेहरा उतरला. तेव्हा तोच मृदंगी पुढे झाला, म्हणाला, "काका, त्यांचं व्रत असेल. पाणी द्या त्यांना."

गृहस्थ पाणी प्याले. आम्हांस त्या दिवशी कीर्तनाची बिदागी पावली.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल.