रिगवाल्याच्या घाईत सापडू नकोस

पोरी, भूजलातलं प्रदूषण तपासायच्या बोअर-विहिरींची ही तुझी भिवंडीतली पहिली साइट, म्हणून सांगतो. रिगवाला नारळ फोडेल, फोडू दे. पण त्याचा हात आयुष्यभर पाण्यासाठीच चाललाय. जरा ओल दिसली की म्हणेल, "मॅडम, अजून पन्नास फूट मारू, भरपूर लागेल." तिथंच त्याला थांबवायचं. आपल्याला पाणी किती आहे ते नको, कसं आहे ते हवंय.

खाली आपला काळा पाषाण, लाव्ह्याचे थरावर थर. वर मुरूम, मग कठीण दगड, आणि दोन थरांच्या मध्ये कधी कधी गेरूसारखा तांबडा पट्टा. तो चिकणा असला तर वरची घाण खाली उतरू देत नाही. तू तो आरपार भोसकलास आणि सील केला नाहीस, तर डाइंगचं पाणी नि गोदामात सांडलेलं सॉल्व्हंट खालच्या चांगल्या पाण्यात तूच सोडलंस. म्हणून दर तीन फुटांचा चुरा पिशवीत भरून नंबर टाक. चुरा तांबडा झाला की हॅमर बंद. पुढं जायचंच असेल, तर आधी वरचं केसिंग सिमेंटनं पक्कं बसवून मगच.

पहिले पाच फूट रिग लावूच नकोस, पहारीनं खण. टोरंटची विजेची केबल किंवा नळाची लाइन कुठून गेलीय, हे नकाशाला विचारून भागत नाही.

विहिरी किमान तीन, आणि एका रांगेत नकोत. त्रिकोण असला तरच पाणी कुठल्या बाजूला सरकतंय ते कळतं. उतार कामवारी नदीकडे आहे म्हणून पाणीही तिकडेच जातं, असं धरून चालू नकोस. दगडात पाण्याची दिशा भेगा ठरवतात. एक विहीर वरच्या अंगाला हवीच, नाहीतर शेजाऱ्याचं पाप तुझ्या मालकाच्या माथी बसेल.

जाळीचा पाइप कुठं ठेवायचा, यात बहुतेकजण फसतात. मे आणि ऑक्टोबर यांच्या पाणीपातळीत काही मीटरचा फरक पडतो. पावसाळ्यातल्या पातळीवर जाळी बसवलीस तर उन्हाळ्यात विहीर कोरडी. उन्हाळ्यातल्या पातळीवर बसवलीस तर पावसाळ्यात वर तरंगणारं डिझेल जाळीत येणारच नाही. म्हणून जाळी दोन्ही पातळ्यांना पुरेल अशी ठेव. त्या पातळ्या कळायला राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ पासून आहे. जवळच्या निरीक्षण विहिरीच्या जुन्या नोंदी आधीच मागून घे. क्लोरीनवाली सॉल्व्हंटं मात्र पाण्यापेक्षा जड, ती तळाशी बसतात. त्यांच्यासाठी वेगळी, खोल विहीर.

पाइप दोन इंची, आट्यांचाच घे. सोल्युशन लावून जोडलास तर लॅबला त्या सोल्युशनचीच रसायनं सापडतील. जाळीच्या वर दोन फुटांपर्यंत धुतलेली वाळू, त्यावर दोन-तीन फूट बेंटोनाइट. थर कोरडा असेल तर स्वच्छ पाणी घाल आणि फुगू दे. इथं जेवायची सुट्टी झाली तरी चालेल, घाई नको. मग सिमेंट नळीनं तळापासून वर भरत आण, बादलीनं ओतू नकोस. कॉम्प्रेसरचं तेल हवेबरोबर खाली जातं, तेव्हा फिल्टर आहे का ते काम सुरू व्हायच्या आधीच बघ.

गोदामाच्या आवारात कंटेनर फिरतात, तिथं झाकण जमिनीसपाट आणि जड लोखंडी. जुलैत पाणी साचणाऱ्या जागी मात्र तोंड उंच, टोपी घट्ट, कुलूप पक्कं. किल्ली वॉचमनकडे ठेवायची नाही, तो गोड माणूस असला तरी.

सिमेंट धरल्यावर, निदान एक दिवसानं, पाणी स्वच्छ येईपर्यंत उपस. नमुने स्वच्छ विहिरीपासून घाणेरड्या विहिरीकडे घेत जा. आणि काम संपल्यावर विहीर मातीनं बुजवू देऊ नकोस, ती तळापासून सिमेंटनंच बंद करायची. तो खर्च आजच कोटेशनमध्ये लिही. नंतर कोणी देत नाही.