सवलतीची मुदत संपल्यावर : आरोग्यविमा आणि कुटुंबाची तयारी

दरवर्षीच्या अहवालात रुग्णसेवेचे आकडे आणि जमाखर्च सादर करीत असताना एखाद्या विषयाचा थोडा अभ्यासही वाचकांपुढे ठेवावा, अशी आमची प्रथा आहे. यंदा आम्ही आरोग्यविम्याचा विषय घेतला आहे. कोरोनाच्या साथीत शासनाने आणि विमा क्षेत्राने अनेक तात्पुरत्या सवलती दिल्या. साथ ओसरली, सवलतींची मुदत संपली. परंतु त्या सवलती आजही चालू आहेत, या समजुतीने रुग्णालयाच्या दारी येणारी कुटुंबे आम्हांस भेटत राहिली. देणगीदार, विश्वस्त आणि विशेषतः रुग्णांचे नातेवाईक या सर्वांस उपयोग व्हावा, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

एक प्रसंग

२०२२ च्या पावसाळ्यातील गोष्ट. छातीत दुखण्याची तक्रार घेऊन पन्नाशीचे एक गृहस्थ आमच्याकडे आले. तपासणीअंती बायपास शस्त्रक्रिया आवश्यक ठरली. त्यांच्या पत्नीने पिशवीतून जपून ठेवलेला विम्याचा कागद काढला आणि म्हणाल्या, "आमचा विमा आहे, पैशांची काळजी नाही." तो कागद 'कोरोना कवच' पॉलिसीचा होता. २०२० च्या ऑगस्टमध्ये साडेनऊ महिन्यांसाठी घेतलेली ती पॉलिसी केव्हाच संपली होती. आणि चालू असती तरी हृदयविकारास ती लागू नव्हती.

त्या कुटुंबाकडे केशरी शिधापत्रिका होती. म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार त्यांना होता. परंतु शिधापत्रिकेवरील नाव आणि आधार कार्डावरील नाव जुळत नव्हते. दुरुस्तीसाठी त्यांच्या मुलाने तहसील कार्यालयात हेलपाटे घातले. दरम्यान औषधे आणि तपासण्यांसाठी घरातील दागिने गहाण पडले. अखेर शस्त्रक्रिया योजनेतूनच झाली आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला. तथापि अकरा दिवस वाया गेले, ते जिवावरही बेतू शकले असते. यात आमचीही चूक होती. पहिल्या दिवशी आमच्या नोंदणी कक्षात विम्याचा कागद पाहिला गेला. त्याची मुदत कोणी वाचली नाही आणि शिधापत्रिका कोणी मागितली नाही. त्या प्रसंगानंतर दाखल होणाऱ्या प्रत्येक कुटुंबास हे दोन्ही प्रश्न विचारण्याचा नियम आम्ही केला.

तात्पुरते काय होते?

साथीच्या काळात महाराष्ट्रात तीन प्रकारचा दिलासा मिळाला.

पहिला, शासकीय योजनेचा विस्तार. २३ मे २०२० च्या शासन निर्णयाने फुले योजनेचे दरवाजे पांढऱ्या शिधापत्रिकाधारकांसह राज्यातील सर्व नागरिकांना खुले झाले. हा निर्णय आरंभी ३१ जुलै २०२० पर्यंतच होता व पुढे त्यास मुदतवाढ मिळाली. मे २०२१ मध्ये काळ्या बुरशीच्या आजाराचे उपचारही योजनेत आणले गेले.

दुसरा, दरनियंत्रण. २१ मे २०२० च्या अधिसूचनेने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांचे दर शासनाने ठरवून दिले. दिवसाला सामान्य कक्षास ४,००० रुपये, अतिदक्षता विभागास ७,५०० आणि कृत्रिम श्वसनयंत्रासह ९,००० रुपये. १ जून २०२१ पासून शहरांचे तीन वर्ग करून लहान शहरांसाठी हे दर आणखी कमी केले गेले.

तिसरा, अल्पमुदतीचा विमा. विमा नियामक प्राधिकरणाच्या सूचनेवरून जुलै २०२० मध्ये सर्व कंपन्यांनी 'कोरोना कवच' ही एकसारखी पॉलिसी आणली. मुदत साडेतीन, साडेसहा किंवा साडेनऊ महिने. रक्कम ५० हजारांपासून ५ लाखांपर्यंत. हप्ता थोडा आणि प्रतीक्षाकाळ अवघा १५ दिवसांचा, यामुळे आयुष्यात प्रथमच विमा घेणारी असंख्य कुटुंबे तिच्याकडे वळली.

हे तिन्ही उपाय त्या वेळी योग्यच होते. मात्र त्यांतून नकळत एक समजूत रुजली, की विमा स्वस्त असतो, लगेच लागू होतो आणि रुग्णालयाचे दर शासन ठरविते. नेहमीच्या विम्यात यांपैकी एकही गोष्ट गृहीत धरता येत नाही.

कायम काय राहिले?

समाधानाची बाब अशी, की त्या तात्पुरत्या विस्तारातील मोठा भाग पुढे कायम झाला. जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने फुले योजना शिधापत्रिकेचा रंग न पाहता राज्यातील सर्व कुटुंबांसाठी खुली करण्याचे ठरले. प्रतिकुटुंब वार्षिक संरक्षण दीड लाखावरून ५ लाख रुपये झाले आणि उपचारांची संख्या १,३५६ वर गेली. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरपासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेत ७० वर्षे व त्यावरील सर्व ज्येष्ठांना उत्पन्नाची अट न लावता ५ लाखांचे संरक्षण मिळाले. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला.

तरीही उणिवा उरतात. योजनेचा लाभ अंगीकृत रुग्णालयातच आणि यादीतील उपचारांसाठीच मिळतो. बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या, मधुमेह व रक्तदाबाची रोजची औषधे, रुग्णाजवळ राहणाऱ्याची बुडालेली मजुरी, हा खर्च कुटुंबावरच पडतो.

खासगी विम्यातील दोन खाचखळगे

पहिला खळगा प्रतीक्षाकाळाचा. नव्या पॉलिसीत अपघात वगळता पहिले ३० दिवस सहसा काहीच मिळत नाही. मोतीबिंदू, हर्निया, सांधेरोपण यांसारख्या उपचारांना बहुधा दोन ते तीन वर्षे थांबावे लागते. पूर्वीपासून असलेल्या आजारांसाठी हा काळ जास्तीत जास्त चार वर्षे होता. १ एप्रिल २०२४ पासून तो तीन वर्षांवर आला. यास्तव निदान झाल्यावर घेतलेली पॉलिसी त्या आजारास तत्काळ उपयोगी पडत नाही. नूतनीकरणाची तारीख आणि त्यानंतरची सवलत मुदत, जी वार्षिक हप्त्यास साधारण ३० दिवसांची असते, तीही चुकविल्यास आधी पूर्ण केलेला प्रतीक्षाकाळ वाया जातो.

दुसरा खळगा खोलीभाड्याच्या मर्यादेचा. उदाहरणादाखल, पॉलिसी २ लाखांची, खोलीभाडे दिवसाला २ टक्के म्हणजे ४,००० रुपयांपर्यंत मान्य, आणि मान्य रकमेचा ५ टक्के वाटा रुग्णाचा, असे समजू. रुग्ण पाच दिवस ६,००० रुपयांच्या खोलीत राहिला. भाडे ३०,०००, शस्त्रक्रिया व डॉक्टरांचे शुल्क ९०,०००, औषधे व तपासण्या ४०,०००, एकूण देयक १,६०,०००. खोली मर्यादेच्या दीडपट असल्याने भाडे आणि शुल्क दोन्ही दोन-तृतीयांशच मान्य होतात : २०,००० आणि ६०,०००. औषधे व तपासण्या पूर्ण धरल्या तर मान्य रक्कम १,२०,०००. तीतून ५ टक्के वजा जाता कंपनी १,१४,००० देते. उरलेले ४६,००० कुटुंबाने भरावयाचे. तोच रुग्ण ४,००० च्या खोलीत राहिला असता, तर शुल्क तेवढेच धरूनही त्याचा वाटा ७,५०० रुपये झाला असता. खोलीच्या भाड्यातील फरक अवघा १०,००० रुपयांचा, पण कुटुंबावरील बोजा ३८,५०० रुपयांनी वाढला. दाखल होताना खोली निवडण्यापूर्वी पॉलिसीतील ही ओळ अवश्य वाचावी, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

कुटुंबांनी काय करावे?

आजारपण नसतानाच पुढील गोष्टी करून ठेवाव्यात.

१. शिधापत्रिका आणि आधार कार्डावरील प्रत्येक व्यक्तीचे नाव जुळवून पाहावे. लग्न होऊन आलेली सून आणि नवजात बालक यांची नावे शिधापत्रिकेत नोंदवावीत.
२. आयुष्मान कार्ड काढून घ्यावे. घरातील सत्तरी ओलांडलेल्या व्यक्तींचे विशेषत्वाने काढावे.
३. विम्याच्या कागदावर चार गोष्टी शोधून अधोरेखित कराव्यात : मुदत, प्रतीक्षाकाळ, खोलीभाड्याची मर्यादा आणि आपला वाटा.
४. रुग्णालयात दाखल होताच आरोग्यमित्रास भेटावे. देयक हाती येण्याची वाट पाहू नये.
५. योजना व विमा दोन्ही अपुरे पडल्यास धर्मादाय सवलतीची चौकशी करावी. न्यायालयमान्य योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात.

देणगीदारांस निवेदन

आमच्यासारखी रुग्णालये आपल्या देयकांतील २ टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत जमा करतात. त्या निधीतून अनेक रुग्णांचे उपचार होतात. परंतु वर सांगितलेल्या मधल्या जागा, म्हणजे कागद दुरुस्त होईपर्यंतची औषधे, यादीबाहेरची तपासणी आणि घरी गेल्यावरच्या गोळ्या, या निधीतून पुऱ्या पडत नाहीत. तेथे आपल्या देणग्या उपयोगी पडतात. २०२२ मधील त्या कुटुंबास आरंभीच थोडी रक्कम आणि योग्य सल्ला मिळाला असता, तर त्यांचे दागिने घरीच राहिले असते. असा सल्ला देणारा कक्ष आमच्या समाजसेवा विभागात चालविला जातो. त्यास आपला आधार असाच लाभत राहो, ही नम्र प्रार्थना.