दात, कवळी आणि अन्नाची चव

परभणी जिल्ह्यात ज्वारीची भाकरी हे नित्याचे अन्न आहे. तिच्या जोडीला ठेचा, शेंगदाण्याची चटणी, कच्चा कांदा आणि हंगामात हुरडा असा हा आहार दातांवर विसंबून असतो. त्यामुळे दात पडू लागताच वृद्धांचे ताट बदलते. भाकरी मागे पडून चहात बुडविलेली बिस्किटे व वरण-भात पुढे येतात. ‘वयोमानाने तोंडाची चव गेली’ अशी घरच्यांची समजूत होते. वस्तुस्थिती मात्र काहीशी निराळी आहे.

चव केवळ जिभेवर ठरत नाही. घास चावताना अन्नातील सुवास मोकळा होऊन घशामागून नाकापर्यंत पोहोचतो. चावणे अपुरे झाले की पदार्थ बेचव वाटतो. दातांच्या मुळांभोवतीच्या तंतूंमुळे घासाचा कठीणपणा कळतो. दातांबरोबर ही संवेदनाही जाते. वरची संपूर्ण कवळी टाळू झाकत असल्याने अन्नाचा पोत व उष्णता पूर्वीसारखी जाणवत नाही. शिवाय संपूर्ण कवळीने चावण्याचा जोर नैसर्गिक दातांच्या तुलनेत फारच कमी असतो.

चव लागत नाही म्हणून मीठ व साखर वाढविली जाते. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांना हे घातक आहे. भाज्या, शेंगदाणे, फळे सुटल्याने प्रथिने व तंतुमय पदार्थ कमी पडतात आणि अशक्तपणा नकळत वाढतो.

यावर उपाय आहेत. नवी कवळी बसविल्यावर काही दिवस मऊ अन्न घ्यावे, लहान घास दोन्ही बाजूंनी चावावेत. भाकरी वरणात कुस्करावी, ज्वारीच्या कण्या शिजवाव्यात, शेंगदाण्याचे कूट वापरावे. मिठाऐवजी लिंबू, जिरे, कोथिंबीर यांनी चव आणावी. रात्री कवळी काढून स्वच्छ पाण्यात ठेवावी. कालांतराने हिरडी झिजते व कवळी सैल होते, म्हणून नियमित तपासणी करावी.

दात टिकविणे हाच उत्तम मार्ग होय. ऐंशीव्या वर्षी वीस दात शिल्लक राहावेत, अशी मोहीम जपानने १९८९ साली हाती घेतली. आपल्याकडे तंबाखू व मिश्री सोडणे हे त्या दिशेने पहिले पाऊल ठरेल. केंद्र शासनाच्या २०१७ मधील राष्ट्रीय वयोश्री योजनेतील साधनांमध्ये कवळीचाही समावेश करण्यात आला.

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण हसून उच्चारतो. घरातील ज्येष्ठांनी भाकरी नाकारली, तर कुटुंबीयांनी प्रथम त्यांचे तोंड तपासून घ्यावे, ही आमची विनंती. देणगीदारांच्या साहाय्यातून मिळणारी कवळी ही शोभेची वस्तू नसून पोषणाचे साधन आहे, असे आम्ही मानतो.